जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यासक व्हायचे असेल तर

कृष्णाकाठी, विशेषतः वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांत, एकेकाळी उसाच्या उताऱ्यासाठी नावाजलेली कित्येक राने आज खारवट (क्षार साचलेली) आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट बसलेली) झाली आहेत. त्याच सांगली जिल्ह्यात पूर्वेला जत-आटपाडीकडे गेले, की उन्हाळा पुरता सुरू होण्याआधीच विहिरी तळ दाखवू लागतात. पाणी एकीकडे मुळांशी साचून पिकाला मारते आणि दुसरीकडे मुळांपर्यंत पोचतच नाही. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधायचे, तर जमिनीखाली पाणी कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि कशामुळे सरकते, हे आधी कळावे लागते. सातारा-सांगलीतल्या ज्या मुलामुलींना हे काम आयुष्यभरासाठी पत्करावेसे वाटते, त्यांनी सुरुवात कोठून करावी, कोणत्या क्रमाने शिकावे आणि कशाची घाई करू नये, हे सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे. माझी नोकरीची वर्षे याच पट्ट्यात गेली, त्यामुळे उदाहरणेही इथलीच आहेत.

सुरुवात महाविद्यालयात प्रवेश मिळण्याची वाट न पाहता स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या रानात करावी, आणि पहिले काम म्हणून एक खड्डा घ्यावा. माणूस आत उतरून बसू शकेल इतका रुंद आणि साधारण दीड मीटर खोल खड्डा उन्हाळ्यात, पीक निघाल्यावर घ्यावा. काळ्या मातीच्या बाजू भेगांवरून अचानक ढासळतात, म्हणून एका बाजूला पायऱ्या ठेवाव्यात, काढलेली माती कडेला रचू नये आणि एकट्याने आत उतरू नये. उन्हाकडे तोंड असलेली एक भिंत खुरप्याने हलके खरवडून ताजी करावी आणि मग घाई न करता वरपासून खालपर्यंत पाहत जावे. वर नांगरटीची मोकळी माती दिसते. तिच्या लगेच खाली, वर्षानुवर्षे नांगर आणि ट्रॅक्टर फिरल्यामुळे दबलेला घट्ट थर असतो, ज्यावर पाणी अडून राहते. त्याखाली काळ्या चिकणमातीची ढेकळे असून त्यांच्या बाजू एकमेकींवर घासून चकाकी आल्यासारख्या दिसतात. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, त्याचीच ती खूण असते. आणखी खाली चुनखडीचे खडे आणि शेवटी मुरूम लागतो.

या भिंतीवरचे रंग नीट वाचता येणे ही या क्षेत्रातली पहिली विद्या आहे. ज्या खोलीवर मातीत तांबूस-पिवळे डाग दिसतात, तिथपर्यंत पाणी कधी चढते आणि कधी उतरते. पाणी उतरल्यावर हवा आत शिरते आणि मातीतल्या लोहाला गंज चढतो. जिथे माती राखाडी किंवा निळसर झालेली आहे, तिथे पाणी जवळजवळ कायम उभे असते. विहीर कोरडी असलेल्या मे महिन्यातही हे डाग जागेवरच राहतात, म्हणून पाण्याची पातळी पावसाळ्यात कुठवर येत असेल, याचा अंदाज भर उन्हाळ्यातही करता येतो. प्रत्येक थराची खोली, रंग आणि ओल वहीत लिहावी, आणि प्रत्येक थरातले एक ढेकूळ सावलीत वाळवून ठेवावे.

या वाळलेल्या ढेकळांवर घरीच एक परीक्षा करता येते. काचेच्या ग्लासात पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, त्यात हरभऱ्याएवढा खडा अलगद सोडावा आणि ग्लास न हलवता काही तास तसाच ठेवावा. खडा नुसता फुटून तळाशी भुगा झाला आणि पाणी निवळ राहिले, तर काळजीचे कारण नाही. पण खड्याभोवती दुधाळ वलय उठून हळूहळू सगळे पाणी गढूळ झाले, तर त्या मातीत सोडियम वाढलेला असून तिचे कण सुटे होत आहेत, म्हणजेच जमीन चोपण होत आहे, असे समजावे. इथे विहिरीचे पाणी मात्र कधीही वापरू नये, कारण त्यातले क्षार कणांना एकत्र धरून ठेवतात आणि चोपण मातीही चांगली असल्याचा भास होतो. खारवट-चोपण रान विहिरीच्या पाण्यावर असताना ठीक वाटते आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदम घट्ट बसते, त्याचे कारणही हेच आहे. पावसाचे पाणी वरचे क्षार धुऊन नेते, सोडियम मात्र चिकणमातीला चिकटून राहतो आणि मातीची छिद्रे बुजतात.

यानंतरचे काम निरीक्षण नळ्यांचे. माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचा कणा तोच आहे. मातीचा गिरमिट, म्हणजे ज्याला सगळे ऑगर म्हणतात तो, कृषी महाविद्यालयातून किंवा एखाद्या निचरा ठेकेदाराकडून मागून आणता येतो. त्याने साधारण चार इंच व्यासाचे भोक पाच-सहा फूट खोल घ्यावे. दोन इंची पीव्हीसी पाईपच्या खालच्या भागाला हॅक्सॉने आडव्या चिरा पाडाव्यात, त्यावर नायलॉनची बारीक जाळी गुंडाळावी, खालचे तोंड बंद करावे आणि पाईप भोकात उभा करून चिरांच्या उंचीपर्यंत सभोवती जाड वाळू सोडावी. वरचा भाग मळलेल्या काळ्या मातीने ठोकून बंद करावा, नाहीतर सरीतले पाणी पाईपच्या कडेने थेट खाली उतरेल आणि तुमची नोंद भूजलाऐवजी सरीची होईल. पाईप जमिनीच्या वर फूटभर ठेवून त्याला टोपण बसवावे आणि ऊसतोडीच्या वेळी तो दिसावा म्हणून शेजारी उंच काठी रोवावी.

पाणी मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मोजपट्टीच्या टोकाला, तोंड खाली येईल अशी एक छोटी धातूची डबी बांधून ती पाईपमध्ये सोडली, की पाण्याला टेकताच ‘डुब’ असा स्पष्ट आवाज येतो. दोन-तीनदा वरखाली करून त्या क्षणाचे माप घ्यावे आणि त्यातून जमिनीवर असलेल्या पाईपची उंची वजा करावी. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, शक्यतो सकाळी, हे माप लिहावे आणि त्याच ओळीत त्या आठवड्यातला पाऊस, रानाला दिलेले पाणी, शेजारच्या कालव्याचे आवर्तन आणि नदीची स्थिती नोंदवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा नेहमी नदीकडे वाहणारे जमिनीखालचे पाणी उलट फिरून नदीकडून रानाकडे शिरू लागले होते. नदीची नोंद नसेल, तर वहीतली अशी चढ-उतार नंतर कोणालाच उलगडत नाही.

एका नळीने पाण्याची पातळी कळते, पण ते पाणी कोठून आले, हे कळत नाही. त्यासाठी तिच्यापासून मीटर-दीड मीटरवर दुसरी, बारा-पंधरा फूट खोल नळी बसवावी. तिला फक्त तळाच्या फूटभरात चिरा ठेवाव्यात आणि वरचा सगळा भाग मातीने पक्का बंद करावा. वाळवा तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी मला नेहमी विचारत, “साहेब, दोन म्हयने झाले मी मोटर सुरू केली न्हाय, तरी माझी सरी ओली कशी?” त्यांच्या रानात अशी जोडी बसवली. उथळ नळीत पाणी जमिनीपासून तीन फुटांवर होते आणि खोल नळीत दोन फुटांवर. खालच्या नळीतले पाणी जास्त उंच उभे राहते, याचा अर्थ खालच्या मुरमातले पाणी दाबाखाली आहे आणि ते वर चढते आहे. त्यांच्या रानाला पाणी देणारे ते स्वतः नव्हतेच. वरच्या अंगाला दोन शेते सोडून जाणारा कालवा आणि त्याखालची बारमाही भिजलेली राने मुरमातून त्यांच्याकडे पाणी पाठवत होती. आपल्याकडे याला उपळ लागणे म्हणतात. अशा रानात आतमध्ये कितीही निचऱ्याचे पाईप टाकले, तरी वरच्या बांधालगत मुरमापर्यंत खोल, येणारे पाणी अडवणारा चर काढल्याशिवाय गुण येत नाही. हाच आकडा उलटा असता, म्हणजे खोल नळीतले पाणी खाली असते, तर दोष त्यांच्या स्वतःच्या पाणी देण्यात आहे, असे मी त्यांना सांगितले असते, आणि मग इलाज कितीतरी स्वस्त पडला असता.

हे हाताने करून झाले, की पुस्तकातले शास्त्र परके वाटत नाही. फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणीपुरवठा करणाऱ्या हेन्री दार्सी या अभियंत्याने वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून १८५६ मध्ये मांडलेला नियम या विषयाच्या मुळाशी आहे. वाहणारे पाणी हे पातळीच्या उताराच्या आणि मातीच्या जलवाहकतेच्या, म्हणजे पाणी वाहू देण्याच्या क्षमतेच्या, प्रमाणात असते, एवढेच तो सांगतो, पण त्यातून फार काही निघते. समजा, एका रानात जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीला शंभर मीटरला एक मीटर उतार आहे. वरच्या चिकणमातीची वाहकता रोज पाच सेंटिमीटर आणि खालच्या मुरमाची रोज दोन मीटर धरली, तर एक चौरस मीटर छेदातून चिकणमातीत दिवसाला अर्धा लिटर पाणी सरकेल आणि मुरमात वीस लिटर. एकाच रानात, एकाच उतारावर चाळीस पटींचा फरक पडतो, आणि म्हणूनच मुरूम कोणत्या खोलीवर लागतो हे खड्ड्यात पाहणे इतके महत्त्वाचे ठरते.

दार्सीचा नियम पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीसाठी होता. वाफशावरच्या मातीत, जिथे निम्मी छिद्रे हवेने भरलेली असतात, तिथे पाणी गुरुत्वाकर्षणापेक्षा मातीच्या ओढीमुळे जास्त हलते. ही ओढ मोजता येण्याजोगी राशी आहे, हे एडगर बकिंगहॅम या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखवून दिले. पुढे १९३१ मध्ये लोरेन्झो रिचर्ड्स यांनी या दोघांचे विचार एका समीकरणात बांधले, आणि आजही संगणकावर जमिनीतल्या पाण्याची गणिते होतात ती बहुतांशी त्याच समीकरणावर. हेच रिचर्ड्स पुढे कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या क्षारता प्रयोगशाळेत काम करत होते, आणि खारवट-चोपण जमिनींच्या वर्गीकरणाची १९५४ ची जी पुस्तिका जगभर वापरली जाते, तिचे संपादन त्यांनीच केले. पाण्याची चाल आणि क्षारांचा प्रश्न एकच आहे, हे ज्याच्या कारकिर्दीतून शिकावे, असा हा माणूस मला वाटतो.

मातीची ओढ मोजण्यासाठी टेन्शिओमीटर वापरतात. त्याच्या टोकाला सच्छिद्र चिनीमातीची टोपी असते आणि वर निर्वात दाबाची तबकडी. एक टोपी एक फूट खोलीवर आणि दुसरी दोन फुटांवर बसवावी. एक सेंटिबार म्हणजे जवळपास दहा सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. वरची तबकडी ४० आणि खालची २० दाखवत असेल, तर वर एकूण उणे ४३० आणि खाली उणे २६० सेंटिमीटर अशी स्थिती होते, कारण ओढीत प्रत्येक ठिकाणची खोलीही मिळवावी लागते. पाणी जास्त पातळीकडून कमी पातळीकडे, म्हणजे इथे खालून वर जात आहे, आणि त्याच्याबरोबर क्षारही वर येत आहेत. एवढे गणित दहावीच्या मुलालाही जमेल, पण रान केव्हा पांढरे पडणार हे ते काही आठवडे आधी सांगते. काळी माती वाळून भेगाळली की टोपीचा मातीशी संबंध सुटतो आणि तबकडी खोटे बोलते, त्यामुळे उन्हाळ्यात या यंत्रावर विसंबू नये.

शिक्षणाच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती माहिती कोठेही मिळते. कृषी पदवीनंतर मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्र, किंवा कृषी अभियांत्रिकीतून मृद व जलसंधारण, अशा दोन वाटांनी इथे येता येते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळचे आहे, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत कृषी भौतिकी हा स्वतंत्र विभाग आहे. भूशास्त्रातून येणाऱ्यांना पुण्यात मुख्यालय असलेल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा मार्ग खुला असतो. क्षारपड जमिनींवर काम करायचे असेल, तर कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत काही काळ घालवावा, आणि उसाच्या पट्ट्यातल्या जमिनींचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ पासून चालू असलेले ऊस संशोधन केंद्र पाहावे. कोणतीही वाट धरली, तरी कलनशास्त्र (कॅल्क्युलस) टाळू नये. आपल्याकडचे पुष्कळ हुशार विद्यार्थी बारावीनंतर गणिताशी फारकत घेतात आणि पुढे रिचर्ड्सचे समीकरण समोर आले, की रसायनाच्या बाजूला वळतात. या विषयात माणसे कमी असण्याचे ते एक मोठे कारण आहे, आणि मला त्याची मनापासून खंत वाटते.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एक काळजी जरूर घ्यावी. क्षार जितके जास्त तितकी विद्युत वाहकता जास्त. ती चार डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट, ही मर्यादा संपृक्त मातीच्या, म्हणजे छिद्रे भरतील एवढेच पाणी घातलेल्या मातीच्या, अर्कासाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक माती परीक्षण प्रयोगशाळा एकास अडीच प्रमाणात पाणी घालून वाहकता मोजतात, आणि त्या जास्त पाण्यामुळे आकडा बराच कमी येतो. अहवालात १.२ दिसले म्हणून शेतकरी निर्धास्त होतो आणि ऊस मात्र वाळत राहतो. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण समजतात. हे दोन्ही आकडे आणि ग्लासातली परीक्षा एकमेकींशी जुळतात का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

नोकरीत आल्यावर लोक तुमच्याकडे मुख्यतः इलाज विचारायला येतील, आणि त्यांना घाई असेल. जिप्सम टाकू का, हा पहिला प्रश्न असतो. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतो, हे खरे आहे, पण हटवलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला पाहिजे. पाणी तीन फुटांवर उभे असताना तो जाणार कुठे? म्हणून नळ्यांची निदान एका हंगामाची नोंद हाती आल्याशिवाय जिप्समची पोती विकत घ्यायला सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. शेतकऱ्याला क्षारांचा हिशेबही त्याच्याच भाषेत मांडून दाखवावा. विहिरीच्या पाण्याची वाहकता एक डेसीसायमन असेल, तर त्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. एका एकरावर दहा सेंटिमीटर पाणी पाटाने दिले, म्हणजे साधारण चार लाख लिटर पाणी दिले, आणि त्याबरोबर जवळपास २६० किलो क्षार रानात आले, पाच पोत्यांहून जास्त. पीक पाणी पिते आणि क्षार मागे ठेवते. हा हिशेब ऐकल्यावर ठिबकाचा विषय मला फार वेळा वेगळा काढावा लागलेला नाही.

भूमिगत निचऱ्याची आखणी करताना जलवाहकता मोजावी लागते, आणि त्यासाठी गिरमिटाने घेतलेले भोकच पुरते. भोक पाण्याच्या पातळीखाली न्यावे, पाणी स्थिर होऊ द्यावे, मग ते झपाट्याने उपसून पुन्हा किती वेगाने चढते, ते घड्याळ लावून मोजावे. त्यातून वाहकता निघते, आणि हूगहाउट या डच शास्त्रज्ञाच्या १९४० च्या सूत्राने दोन पाईपमधले अंतर काढता येते. आपल्या काळ्या जमिनीत हे पाईप साधारण एक-सव्वा मीटर खोलीवर टाकतात. गणित सुटते, पण पाण्याला वाट कोण देणार, हा प्रश्न खरा कठीण असतो. खालच्या रानाच्या मालकाने नाला मोकळा ठेवला नाही, किंवा नाल्यात भर टाकून रस्ता केला, तर वरची सगळी आखणी वाया जाते. त्यामुळे पहिली बैठक त्या नाल्यावरच्या सगळ्या शेतकऱ्यांची, शक्यतो गावातल्या जाणत्या माणसाच्या घरी घ्यावी. त्यात आपण कमी बोलावे. जुने नाले कुठून वाहत होते आणि कोणत्या साली कोणती विहीर तुडुंब भरली, हे तिथली म्हातारी माणसे सांगतात, आणि ते कोणत्याही नकाशात नसते.

जिल्ह्याच्या कोरड्या भागात काम करणाऱ्याला हेच शास्त्र उलट्या बाजूने वापरावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे तो पाचशेच्या आसपास असतो. माण-खटावच्या बेसाल्टमध्ये पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांमध्ये. खालचा अखंड कातळ पाणी घेत नाही. तिथे चर किंवा बंधारा कुठे घ्यावा, हे ठरवण्याआधी पाणी किती वेगाने मुरते ते मोजावे. त्यासाठी एकात एक अशी दोन लोखंडी कडी, आतले तीस आणि बाहेरचे साठ सेंटिमीटर व्यासाचे, जमिनीत ठोकून दोन्हींत पाणी भरावे आणि आतल्या कड्यातली पातळी किती घटते ते पाहत राहावे. पहिल्या तासाचा वेग भेगांचा असतो, मातीचा नसतो. वेग स्थिर होईपर्यंत थांबावे. चिकणमातीत तो ताशी एक ते पाच मिलिमीटरवर येऊन ठेपतो, तर वाळूसरीत तीसच्या वर राहतो. आपण घेतलेल्या विहिरींच्या नोंदी भूजल यंत्रणेच्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या नोंदींशी ताडून पाहता येतात.

निचरा पाईप टाकून झाले, की अभ्यासकाचे काम संपले असे इथे पुष्कळांना वाटते, आणि तिथेच सर्वांत उपयोगी माहिती हातची जाते. पाईपच्या तोंडातून किती पाणी बाहेर पडते, ते बादली आणि घड्याळाने मोजावे आणि दर महिन्याला त्याची विद्युत वाहकता तपासावी. बाहेर जाणारे क्षार आत येणाऱ्या क्षारांपेक्षा जास्त आहेत, असे सलग दिसू लागल्यावरच जमीन सुधारते आहे, असे शेतकऱ्याला सांगावे. तोवर त्याला पहिल्या वर्षी धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक घेऊन गाडायला सांगावे, आणि उसाची लावण करण्याच्या त्याच्या घाईला नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा. नळ्या निदान दोन पावसाळे काढू नयेत. सगळ्या नोंदींची एक प्रत कार्यालयात आणि दुसरी शेतकऱ्याच्या घरी ठेवावी, कारण बदली झाल्यावर कार्यालयातली वही कोणत्या कपाटात जाईल हे सांगता येत नाही, आणि पुढे येणाऱ्या अभ्यासकाला मागच्या वर्षांची पातळी विचारायला रानाच्या मालकाकडेच यावे लागते.